गल्ला कुठे ठेवलाय?

मागच्या महिन्यात मुलाच्या शाळेत पालकसभा झाली. फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिला होता, ‘गेम : घरात शिरलेलं विष’. बाहेरून वक्ते बोलावले होते, प्रोजेक्टर होता, शेवटी पोहे होते. तर्री नव्हती, म्हणजे नागपूरच्या हिशेबाने तो पाहुणचार नव्हताच. वक्त्यांनी तासाभरात पैसे लावून रमी खेळायची ॲप्स, पोरं रात्ररात्र एकमेकांवर गोळ्या झाडतात ते खेळ, रंगीत गोळ्या जुळवायचे खेळ आणि संगणकावरचे मोठाले गोष्टींचे खेळ एकाच पोत्यात कोंबले आणि पोत्याचं तोंड शिवून टाकलं. समोरच्या रांगेतल्या बाया माना डोलावत होत्या. मीही डोलावली असती. पण आदल्याच रविवारी मी स्वतः मांजराचं तोंड लावून, हातात लोखंडी तलवार घेऊन बर्फाचा एक डोंगर चढून आले होते. ते विष माझ्या अंगात नेमकं कुठे भिनलंय, याचाच शोध मी सभाभर घेत बसले.

तो डोंगर ‘स्कायरिम’मधला. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेतला हा पाचवा खेळ. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला, म्हणजे तो माझ्या मुलापेक्षा वयाने मोठा आहे. माझ्याकडे तो आला तो भाच्यामुळे. नोकरीसाठी पुण्याला जाताना त्याने आपला जाडजूड कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवला. मे महिन्यात फोन केला, तेव्हा मी कूलरसमोर बसून उन्हाला शिव्या देत होते. “आत्या, बाहेर पंचेचाळीस आहे ना? मग बर्फात जाऊन ये. खेळून तर पहा.” एवढ्यावर मी फसले.

मी काही खेळाडू नाही. एका करसल्लागाराकडे बावीस वर्षं लोकांचे ताळेबंद तपासते. खेळाशी संबंध रविवारी दुपारी, जेवणं आटोपली की तास-दीड तास. त्यामुळे मी जे लिहिते आहे ते एका हौशी, ढ आणि चष्मा लावणाऱ्या बाईचं मत समजावं.

खेळ सुरू होतो तेव्हा आपण हात बांधलेले कैदी असतो, बैलगाडीसारख्या घोडागाडीत. आपल्याला मारायला नेत असतात. एक शिपाई यादी वाचतो, आपलं नाव यादीत नसतं. तो वरिष्ठ बाईंना विचारतो, हिचं काय करायचं? त्या म्हणतात, यादी राहू द्या, हिलाही ओंडक्यावर न्या. मी खुर्चीत सरळ झाले. व्हाउचर नाही, नोंद नाही, आणि थेट मुंडकं! इतक्यात आकाशातून ड्रॅगन उतरतो, गाव जाळतो आणि त्या गोंधळात आपण सुटतो. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. म्हणजे सांगतात, पण ऐकलं नाही तरी चालतं. मी पहिले दोन रविवार लोकांच्या टोपल्यांतले कोबी उचलण्यात घालवले. वजनाची मर्यादा असते हे कळलं नाही, तेव्हा भाजीच्या ओझ्याने पाय उचलेना. एका गावात चुकून कोंबडी मारली, तर अख्खं गाव काठ्याकुऱ्हाडी घेऊन मागे लागलं. भाचा फोनवर हसत होता, “आत्या, पुन्हा मेली का तू?”

आवडलं ते हे की इथे जे काम कराल तेच येऊ लागतं. कुलूप उघडत राहा, कुलपं सोपी होतात. लपूनछपून चालत राहा, चाहूल कमी होते. आपल्याकडे रियाज म्हणतात तेच. सात हजार पायऱ्यांचा म्हणून एक डोंगर आहे. मी पायऱ्या मोजल्या नाहीत, पण अंबाळ्याच्या बाजूने रामटेकचा गड चढल्याची आठवण गुडघ्यांना नक्की झाली, आणि रामटेकला निदान वाटेत पांढरा राक्षस उभा नसतो. न आवडलेलंही पुष्कळ आहे. तलवारबाजी म्हणजे झाडूने जाळी काढल्यासारखी. पहारेकरी तीच ती वाक्यं बोलतात. आणि पडद्यावरच्या पट्टीत कुठे जायचं त्याची खूण सतत दिसते. त्यामुळे मी गावं बघायची सोडून खुणेमागे धावते, जसं हल्ली बर्डीच्या बाजारात जाणारा माणूस नकाशाकडे बघतो आणि पानठेल्यावाल्याला विचारतच नाही. याच मालिकेतल्या २००२ सालच्या ‘मॉरोविंड’मध्ये ही खूण नव्हती, असं भाचा सांगतो. लोक तोंडी रस्ता सांगायचे, तो वहीत लिहिला जायचा, आणि खेळणारा चुकायचा. मला तो खेळ जास्त आवडला असता.

पण सभेत बसल्याबसल्या मला आठवत होती ती वेगळी गोष्ट. या खेळात एक बटण दाबलं की सगळं थांबतं. ड्रॅगन हवेत, बाण हवेत, बर्फाचा कण हवेत. कुकरची शिट्टी झाली, उठले. दारावर गॅसवाला आला, उठले. तीन आठवडे सासूबाईंचं दवाखान्याचं चाललं होतं, मी खेळाकडे फिरकले नाही. परत गेले तर माझं मांजर त्याच खिंडीत त्याच दगडाजवळ उभं. कुठे होतीस म्हणून कोणी विचारलं नाही. रोज हजेरी लावल्याचं बक्षीस बुडालं नाही, मैत्रिणींच्या यादीत माझं नाव खाली घसरलं नाही. भाच्याने सेलमध्ये एकदा पैसे मोजले, तिथे हिशेब बंद झाला.

माझ्या मुलाचा खेळ निराळा. तो थांबत नाही. “आई, मॅच चालू आहे, सोडता येत नाही, पोरं शिव्या घालतील” हे वाक्य आमच्या घरात रोज रात्री नऊ वाजता म्हटलं जातं, आणि अर्धी भांडणं त्या एका वाक्यावरची असतात. पूर्वी मला तो बहाणा वाटायचा. आता कळतं की पोरगा खरं बोलतो. खेळ तसाच बांधलाय. तो फुकट आहे, म्हणून पोराने जितका वेळ तिथे थांबावं तितकं बरं. थांबला की दुकान दिसतं, दुकानात नवा अंगरखा, नवी बंदूक, आज रात्रीपुरती सवलत.

ताळेबंद बघताना मी पहिला प्रश्न विचारते तो हा की पैसा येतो कुठून. दुकान मोठं की छोटं, पाटी कसली, मालक देवभोळा की नाही, हे नंतर. खेळांनाही तोच प्रश्न विचारायला हवा असं माझं म्हणणं आहे. गल्ला कुठे ठेवलाय? दाराशी असेल तर तिकीट काढून आत जा आणि हवं तेव्हा बाहेर या. आत, प्रत्येक वळणावर असेल, तर मालकाचा जीव तुम्ही बाहेर न पडण्यात अडकलेला असतो. या दोन धंद्यांना एकच ‘गेम’ हा शब्द आपण वापरतो, आणि मग पालकसभा भरवतो.

याचा अर्थ दाराशी गल्ला असलेला खेळ आपोआप चांगला, असं नव्हे. पण तो निदान बघण्यासारखा असू शकतो. विंडहेल्म या त्यातल्या शहराचंच सांगते.

स्कायरिममध्ये यादवी चालू आहे. एका बाजूला साम्राज्य, दुसऱ्या बाजूला उल्फ्रिक नावाचा सरदार. तो म्हणतो की ही भूमी नॉर्डांची, म्हणजे इथल्या गोऱ्या बहुसंख्य लोकांची, आमच्या देवाची पूजा तहाच्या एका कलमाने बंद केली, आता साम्राज्याने चालतं व्हावं. सुरुवातीच्या गाडीत तोही आपल्याशेजारी तोंड बांधून बसलेला असतो. मला मारायला निघाले होते साम्राज्याचे लोक, त्यामुळे माझं मन साहजिकच उल्फ्रिककडे गेलं. भूमिपुत्र, देव, स्वाभिमान, हे शब्द मराठी माणसाच्या कानाला सवयीचे आहेत. मग एका रविवारी मी त्याच्या राजधानीत, विंडहेल्मला पोचले.

वेशीतून आत शिरताच दोन नॉर्ड एका काळवट कातडीच्या एल्फ बाईला धरून बोलत होते. आमचं खाता, आमच्या लढाईत येत नाही, तुम्ही तर हेर असाल. या लोकांच्या देशात ज्वालामुखी फुटला, म्हणून ते इथे निर्वासित होऊन आले. त्यांना शहराचा एक अंधारा, पडका कोपरा दिलाय. सरड्यासारख्या दिसणाऱ्या आर्गोनियन लोकांना तर तटाच्या आत राहायलाच मनाई. ते धक्क्यावर माल उतरवतात, नॉर्ड हमालांपेक्षा कमी मजुरीवर. आणि मी ज्यांचं रूप घेतलं होतं ते मांजरमुखे खजीट व्यापारी मला आधीही भेटले होते, शहरांबाहेर पालं ठोकून बसलेले. मी त्यांना बाजार समजत होते. त्यांना आत घेत नाहीत हे त्यांच्यातल्या एकाशी बोलल्यावर कळलं.

माझं घर दीक्षाभूमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दसऱ्याच्या सुमारास आमचे रस्ते पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरतात, १४ ऑक्टोबर १९५६ ला जे इथे घडलं त्यासाठी लांबलांबून आलेल्या. या शहरात वाढलेल्या माणसाला ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द शिकवावा लागत नाही. खेळ लिहिणाऱ्यांच्या डोक्यात नागपूर नव्हतं, हे उघड आहे. त्यांनी त्यांच्याकडचं काही डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं असेल. पण त्या वेशीत उभी असताना मला माझीच लाज वाटली, कारण इतके रविवार मी पालाजवळून कोबी विकून पुढे गेले होते. उल्फ्रिकच्या बाजूने लढायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. साम्राज्यही धड नाही, यादीत नाव नसताना मुंडकं मागणारं. खेळ मला उत्तर देत नाही, घाईही करत नाही. तीन रविवार मी त्या धक्क्यावर नुसती फिरले, आणि एका व्यापाऱ्याशी हुज्जत घालून हमालांची मजुरी वाढवून घेतली. त्या सगळ्या राज्यात माझ्या हातून झालेलं तेवढंच एक काम मला धड वाटतं.

वक्ते म्हणाले होते, गेममुळे मुलांची विचारशक्ती मरते. काय सांगायचं?

आता कायद्याकडे. सरकारने या पोत्याची शिवण निदान एका बाजूने उसवली आहे. ऑनलाइन गेमिंगविषयीचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायची आशा दाखवणारा खेळ चालवला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि साधे करमणुकीचे खेळ वेगळ्या रकान्यात. नुसती प्रवेशाची फी किंवा वर्गणी घेतली म्हणून खेळ जुगार ठरत नाही. मला सर्वांत पटलं ते हे की कौशल्य की नशीब हा जुना वाद कायद्याने बाजूला सारला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, आणि त्या एका वाक्याच्या सावलीत पुढे मोबाईलवरची केवढी दुकानं उभी राहिली. आमच्या ले-आउटमधल्या एका पोराने कॉलेजची फी त्यात घातली. वडलांनी कर्ज काढून भरली आणि कोणाला सांगितलं नाही. मला माहीत आहे, कारण त्यांचे कागद माझ्या टेबलावरून गेले. कौशल्य त्या पोरात भरपूर होतं.

बंदीमुळे नोकऱ्या गेल्या, महसूल बुडाला, लोक परदेशी साइटींकडे वळतील, हे आक्षेप खोटे नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के जीएसटी घेणारं सरकार दोन वर्षांत तोच धंदा बेकायदा ठरवतं, तेव्हा हिशेबनिसाला गंमत वाटणारच. तरी मी बंदीच्या बाजूने आहे. माझी तक्रार आहे ती कायदा थांबतो त्या जागेबद्दल.

पैसे लावून पैसे मिळणार असतील तर कायदा पकडतो. पण पैसे लावून बंद डबा मिळणार असेल, आणि डब्यात साधा अंगरखा निघेल की दुर्मिळ तलवार हे नशिबावर असेल, तर? बाहेर त्या तलवारीला बाजारभाव नाही असं कंपनी म्हणेल. चौदा वर्षांच्या पोराला आहे. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा डब्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे हे डबे फुकटच्या खेळांत राजरोस विकले जातात, आणि पालक त्यांना ‘खर्च’ समजतात.

इथे माझ्या लाडक्या खेळाचीही फाइल उघडायला हवी, नाहीतर ऑडिट एकतर्फी होईल. याच बेथेस्डाने एप्रिल २००६ मध्ये मालिकेतल्या चौथ्या खेळात, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये, घोड्याचं चिलखत वेगळे पैसे घेऊन विकलं. अडीच डॉलर. खेळाचे पूर्ण पैसे दिलेल्या लोकांना. तेव्हा जग हसलं, आणि आज मुलाच्या खेळातल्या दुकानात मी तेच चिलखत शंभर रंगांत पाहते. पुढे एप्रिल २०१५ मध्ये, लोक हौसेने स्कायरिमसाठी जे फुकट बदल करून एकमेकांना देत होते, त्यांवर स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात किंमत लावायची सोय झाली. खेळणाऱ्यांनी असा काही गदारोळ केला की आठवड्याच्या आत ती मागे घेऊन पैसे परत दिले. म्हणजे दाराशी ठेवलेला गल्ला रात्रीतून आत सरकू शकतो, आणि गिऱ्हाईक ओरडलं तर तो परतही सरकतो. आमच्या सभेत कोणी ओरडलं नाही, कारण कशावर ओरडायचं तेच सांगितलं नव्हतं.

तुमच्या त्या थांबणाऱ्या खेळातही माणूस बुडतोच की, असं कोणी म्हणेल. बुडतो. एका रविवारी दीड तासाचे साडेचार तास झाले, गॅसवरचं दूध उतू जाऊन ओट्यावर वाळलं, आणि सासूबाई नुसत्या बघत राहिल्या, जे बोलण्यापेक्षा वाईट. हा खेळ संपतही नाही. मुख्य गोष्ट आटोपली तरी कोणीतरी अमुक गुहेतले दरोडेखोर मारायला पाठवतंच राहतो, आणि ती कामं यंत्राने भरलेल्या फॉर्मसारखी असतात. हा मला त्यातला सर्वांत खोटा भाग वाटतो. शिवाय तो मुलांसाठी नाहीच. मुंडकी उडतात. अमेरिकेत त्यावर सतरा वर्षांवरील आणि युरोपात अठरा वर्षांवरील असा शिक्का आहे. माझ्या आठवीतल्या मुलाला मी तो दिलेला नाही आणि त्यावरून घरात बोलणी खाल्ली आहेत. “तू खेळून राहिली, मी काऊन नाही?” याचं वय सोडून दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

पण तासांचं माप तोकडं आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेलाही ठाऊक आहे. त्यांच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्यात तासांचा आकडा नाही. पाहतात ते हे की स्वतःवर ताबा उरला का, बाकीच्या गोष्टी मागे पडल्या का, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे का, आणि हे सहसा वर्षभर टिकून आहे का. वक्त्यांनी प्रोजेक्टरवर ‘दिवसातून एक तास’ असं लाल अक्षरांत लिहिलं होतं. बंद डबा विकत घ्यायला एक मिनिट पुरतं.

शाळेला करता येण्यासारखं एक काम आहे, आणि त्याला बाहेरचे वक्ते लागत नाहीत. वर्गातली पोरं जे पाच-सहा खेळ खेळतात ते पोरांनाच प्रोजेक्टरवर उघडायला सांगायचे आणि आईवडलांसमोर त्यातलं दुकान दाखवायला लावायचं. पहिलं विक्रीचं बटण किती वेळात येतं, खेळ मध्येच थांबवता येतो का, एक दिवस आलं नाही तर काय जातं, डब्यात काय निघेल ते आधी सांगतात का. पोरं हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. माझ्या मुलाने कुठला डबा लबाड आहे ते मला दोन मिनिटांत समजावलं. आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून गप्प होता.

हे मी सभेत बोलले नाही. हात वर केला होता, पण पोहे आले. घरी येऊन पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की पुढच्या सभेत मला प्रोजेक्टर आणि पंधरा मिनिटं द्या. काल ग्रुपवर पुढच्या सभेचा विषय आला, ‘गेम : घरात शिरलेलं विष, भाग २’. माझ्या मेसेजखाली दोन निळ्या टिका आहेत, आणि एका आईने अंगठा दाखवलाय. तिचा पोरगा माझ्या पोराच्याच टोळीत खेळतो.